पुन्हा पुन्हा लागणारा इंजिनचा दिवा : एका हॅचबॅकचे प्रकरण

धायरीहून रोज सकाळी सिंहगड रस्त्याने शिवाजीनगरला नोकरीसाठी जाणाऱ्या एका बाईंची पेट्रोल हॅचबॅक जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात वारज्यातील आमच्या गॅरेजमध्ये आली, तेव्हा तिच्या मीटरवरचा पिवळा इंजिनचा दिवा पाच महिन्यांत पाचव्यांदा लागलेला होता. गाडी २०१४ सालची, भारत स्टेज ४ प्रमाणातली, १.२ लिटरच्या चार सिलिंडर इंजिनाची आणि ७८ हजार किलोमीटर चाललेली होती. ती बंद पडत नव्हती, काळा धूर सोडत नव्हती, घाटात पिकअप कमी पडतो अशी तक्रारही नव्हती. फक्त ॲव्हरेज पंधरावरून अकरावर आले होते. बाईंचे म्हणणे थोडक्यात असे होते : "दादा, दिवा घालवून देणारे मला बरेच भेटले. तो का लागतो ते सांगणारा कोणी भेटला नाही." हे प्रकरण सविस्तर लिहिण्यामागे त्यांचे हे वाक्य आहे, आणि पहिल्या खेपेला आमच्या हाती अर्धेच उत्तर लागले होते, हेही एक कारण आहे.

बाईंनी गाडीचे प्रत्येक बिल तारखेनिशी एका प्लॅस्टिकच्या फाइलमध्ये लावून ठेवले होते. त्यावरून दिसत होते की ऑगस्टमध्ये दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा एका गॅरेजने स्कॅनर लावून संगणकात नोंदवलेला दोषाचा क्रमांक, म्हणजे कोड, पुसला आणि तिसऱ्या दिवशी दिवा परत आला. दुसऱ्या ठिकाणी पुढचा ऑक्सिजन सेन्सर बदलला आणि थ्रॉटल बॉडी साफ केली. दिवा पाच दिवसांनी परत आला. तिसऱ्या ठिकाणी इंजेक्टर साफ झाले, प्लग आणि एअर फिल्टर नवे बसले. चौथ्या ठिकाणी धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला असावा असे सांगण्यात आले, आणि तो बदलायचा नसेल तर मीटरमागचा दिवाच काढून टाकू, असेही सुचवण्यात आले. बाईंनी ते ऐकले नाही, हे फार चांगले केले. तोपर्यंत त्यांचे अकरा हजारांहून अधिक रुपये खर्च झाले होते आणि बदललेल्या भागांपैकी एकही खराब होता याचा पुरावा फाइलमध्ये कुठेच नव्हता.

गाडी आणण्यापूर्वी फोनवर मी त्यांना एकच विनंती केली होती : आता कोणालाही कोड पुसू देऊ नका, दिवा लागलेला असतानाच गाडी घेऊन या. कोड नोंदवला जातो त्या क्षणी इंजिनाचे तापमान किती होते, फेरे किती होते, गाडीचा वेग आणि इंजिनावरचा भार किती होता, ही सगळी माहिती इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, एका चौकटीत गोठवून ठेवतो. तिला फ्रीज फ्रेम म्हणतात. स्कॅनरवर कोड पुसण्याचे बटण दाबले की दिव्याबरोबर ही चौकटही जाते, ईसीयूने कित्येक दिवसांत शिकलेली इंधनाची दुरुस्ती शून्यावर येते आणि त्याच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. अशा प्रकारचा दोष गाडी सुरू केल्यापासून बंद करेपर्यंतच्या एका फेरीत पहिल्यांदा आढळला तर ईसीयू तो केवळ संशयित म्हणून टिपून ठेवतो. पुढच्या फेरीतही आढळला तरच दिवा लावतो. कोड पुसल्यावर दोन-चार दिवस दिवा दिसत नाही तो यामुळे, आणि त्या दोन-चार दिवसांना दुरुस्ती समजले जाते.

कोड होता पी ०१७१, म्हणजे मिश्रण मर्यादेबाहेर लीन : हवा जास्त, पेट्रोल कमी. हा कोड कोणत्याही भागाचे नाव घेत नाही. ईसीयू सिलिंडरच्या आत डोकावू शकत नाही. त्याला सायलेन्सरच्या पाइपातील ऑक्सिजन सेन्सर दाखवतो तेवढेच दिसते, आणि त्या सेन्सरला पेट्रोल मुळीच कळत नाही. त्याला कळतो तो बाहेरच्या हवेतला आणि पाइपातल्या धुरातला ऑक्सिजनचा फरक. साधारण ३०० अंशांच्या वर तापल्यावर तो काम करू लागतो. मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास आणि लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास दाब देतो. लीनचा निरोप आला की ईसीयू पेट्रोल वाढवतो. या वाढ-घटीला फ्युएल ट्रिम म्हणतात; क्षणाक्षणाला बदलते ती शॉर्ट टर्म आणि सवयीने पक्की होते ती लाँग टर्म. निरोगी इंजिनात दोन्हींची बेरीज शून्याच्या दोन्ही बाजूंना पाच-सात टक्क्यांत राहते. ही बेरीज मर्यादेच्या टोकाला जाऊन तिथेच टिकली की पी ०१७१ नोंदवला जातो. थोडक्यात, "मी पेट्रोल वाढवून थकलो तरी सेन्सरला ऑक्सिजन जास्तच दिसतो आहे" एवढेच हा कोड सांगतो. या वाक्यावरून थेट सेन्सर बदलण्याची उडी दुसऱ्या गॅरेजने मारली होती.

फ्रीज फ्रेममध्ये इंजिनाचे तापमान ८८ अंश, वेग शून्य आणि फेरे मिनिटाला ७८० असे आकडे होते. शॉर्ट टर्म अधिक ९ टक्के आणि लाँग टर्म अधिक २१ टक्के होती. म्हणजे दोष नोंदवला गेला तो गरम इंजिन आयडलिंगवर असताना, बहुधा राजाराम पुलाच्या सिग्नलला गाडी उभी असताना. त्याच दिवशी गाडी उभी ठेवून रेस देत २५०० फेऱ्यांवर पाहिले तर बेरीज ११ टक्क्यांवर आली, आणि स्कॅनर लावून कात्रजचा घाट चढलो तेव्हा ती जेमतेम ३ टक्के राहिली. इंजिनावर भार वाढला की तक्रार विरत होती.

इथे पेट्रोल पुरवठ्याचा संशय जवळजवळ संपतो. पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल तर आयडलिंगवर काही जाणवत नाही आणि चढावर, म्हणजे पेट्रोलची मागणी मोठी असते तेव्हा, कमतरता उघडी पडते. इथे नेमके उलटे घडत होते. तरीही गेज लावून पेट्रोलचा दाब मोजला. तो उत्पादकाने दिलेल्या मर्यादेत होता. घाटात पूर्ण ॲक्सिलरेटरवर सेन्सरने ०.८ व्होल्टच्या वर वाचन दिले, म्हणजे इंजिनाला हवे तेव्हा पुरेसे पेट्रोल मिळत होते आणि नवा बसवलेला सेन्सर रिच मिश्रण ओळखतही होता.

पेट्रोलमधल्या इथेनॉलचा प्रश्न बाईंनी स्वतः काढला आणि तो रास्त होता. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्यामुळे त्याच्या पूर्ण ज्वलनाला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलो. हिशेब केला तर दहा टक्के मिश्रणाला सुमारे १४.१ आणि वीस टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो हवा येते. म्हणजे ई-१० वरून ई-२० वर गेलेल्या जुन्या गाडीत ट्रिम चार-साडेचार टक्क्यांनी वर सरकणे अपेक्षित आहे. तीस टक्क्यांची उडी त्यातून निघत नाही. शिवाय इथेनॉलचा परिणाम आयडलिंगला आणि घाटात सारखाच दिसायला हवा. तो कात्रजला नाहीसा होणार नाही.

आयडलिंगला जास्त आणि भाराखाली कमी, हे चित्र पाहिले की बहुतेक फिटर इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेत, कुठेतरी हवेची गळती आहे असे म्हणतात, आणि हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत ते बरोबरही असते, कारण तिथे गळतीतून शिरलेली हवा मोजणीतून निसटते. पण या गाडीत तसा सेन्सर नाही. हिचा ईसीयू इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजून त्यावरून हवेचा अंदाज बांधतो. अशा गाडीत मॅनिफोल्डला भोक पडले तर आत शिरलेली हवा दाब वाढवते, तो वाढीव दाब सेन्सरला दिसतो आणि ईसीयू त्या हवेला पुरेसे पेट्रोल आपोआप देतो. तक्रार दिसते ती आयडलिंगचे फेरे चढण्याच्या रूपात. इथे फेरे ७८० वर स्थिर होते आणि मॅनिफोल्डचा दाब ३३ किलोपास्कल, म्हणजे नेहमीसारखाच होता. खात्रीसाठी इनटेकमध्ये धूर सोडून पाहिला; कुठूनही बाहेर आला नाही. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांमध्ये दाबावर चालणारी पद्धत सर्रास आढळत असूनही हा फरक शिकाऊ मुलांना क्वचितच कोणी समजावून सांगतो, याचे मला वाईट वाटते.

मग तो दाबाचा सेन्सरच चुकीचे सांगत असेल तर? याची तपासणी सोपी आहे आणि तिला पैसाही लागत नाही. इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली की मॅनिफोल्डमध्ये बाहेरचीच हवा असते, म्हणून सेन्सरने त्या गावचा वातावरणीय दाब दाखवला पाहिजे. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने इथे ९४-९५ किलोपास्कल हे वाचन योग्य. मुंबईच्या सवयीने १०१ हा आकडा बरोबर धरणारा माणूस इथे चांगला सेन्सर काढून टाकील आणि पुण्यात १०१ दाखवणारा बिघडलेला सेन्सर तसाच ठेवील. या गाडीने ९५ दाखवले.

आता प्लग काढले. ते तिसऱ्या गॅरेजने बसवलेले, जेमतेम अडीच महिने चाललेले होते, आणि चारही काळ्या, कोरड्या काजळीने माखलेले होते. लीन जळणाऱ्या इंजिनाचा प्लग फिकट, पांढुरका असतो. ईसीयू म्हणत होता पेट्रोल कमी आहे आणि सिलिंडर म्हणत होते पेट्रोल उतू चालले आहे. या दोन साक्षी परस्परविरुद्ध आहेत हे मान्य केले की एकच सुसंगत स्पष्टीकरण उरते : सेन्सर खोटे बोलत नाही, पण त्याला दिसणारा ऑक्सिजन इंजिनातून आलेला नाही. तो सिलिंडर आणि सेन्सर यांच्या मधल्या वाटेत कुठेतरी बाहेरून शिरतो आहे.

सायलेन्सरच्या पाइपातून धूर बाहेर येतो, मग हवा आत कशी जाईल, असा प्रश्न आमच्याकडच्या मुलाने विचारला. पाइपातला प्रवाह नळाच्या पाण्यासारखा सलग नसतो. प्रत्येक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताना धुराचा एक ठोका पाइपात जातो आणि त्याच्या पाठोपाठ क्षणभर तिथला दाब बाहेरच्या दाबापेक्षाही खाली उतरतो. जोडात फट असेल तर ठोक्याबरोबर थोडा धूर बाहेर पडतो आणि ठोक्यामागे थोडी हवा आत ओढली जाते. आयडलिंगला धूर कमी आणि ठोके विरळ, त्यामुळे आत आलेल्या हवेचे प्रमाण मोठे ठरते; घाटात धुराचा लोट एवढा वाढतो की ती हवा नगण्य होते. आमच्या तिन्ही आकड्यांचा, म्हणजे ३०, ११ आणि ३ यांचा, अर्थ त्यातून लागत होता.

बाईंनी नोव्हेंबरमध्ये केलेल्या पीयूसी चाचणीत गाडी सहज उत्तीर्ण झाली होती आणि त्यामुळे "इंजिन चांगलेच आहे, दिव्याकडे लक्ष देऊ नका" असा सल्लाही त्यांना मिळाला होता. तो निष्कर्ष चुकीचा होता. ईसीयू सिलिंडरमध्ये जादा पेट्रोल घालत होता आणि फटीतून जादा हवा येत होती. कन्व्हर्टरपाशी दोन्ही एकत्र येऊन हिशेब जवळपास जुळत होता आणि कन्व्हर्टर ते सारे जाळून बऱ्यापैकी स्वच्छ धूर मागे सोडत होता. त्याची किंमत मात्र कन्व्हर्टर जादा तापून आणि इंजिन ऑइल पेट्रोलने पातळ होऊन चुकवत होते.

गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवून घेतली. गरम इंजिनावर ही गळती ऐकू येत नाही, कारण लोखंड तापून फुगते आणि फट बरीचशी मिटते. आधीच्या सगळ्या तपासण्या भर दुपारी, गाडी चालवत आणल्यावर लगेच झाल्या होत्या. जानेवारीतल्या थंड सकाळी सात वाजता, रस्त्यावर वर्दळ सुरू होण्यापूर्वी, बॉनेट उघडून गाडी सुरू केली. औंधच्या आयटीआयमधून शिकून आमच्याकडे आलेल्या त्याच मुलाने रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या खाली फिरवले आणि तो मॅनिफोल्ड व पुढचा पाइप जिथे जुळतात तिथे तो थांबला. टिक-टिक-टिक असा बारीक आवाज तिथून येत होता; चार मिनिटांत तो बंद झाला. मग इंजिन थांबवून, पूर्ण थंड झाल्यावर, टेलपाइपमधून ब्लोअरने हवा सोडली आणि त्या जोडावर साबणाचे पाणी टाकले. एका बाजूने बुडबुडे भसाभस आले. जोडाच्या त्याच बाजूला पंख्याच्या आकाराचा काजळीचा डागही होता. ऑक्सिजन सेन्सर धुराच्या वाटेत या जोडापासून वीतभर पुढे बसतो.

जोडातले गोल पॅकिंग एका बाजूने चेपून जळले होते. ते नवे बसवले, ऑइल बदलले, प्लग साफ केले. आठवडाभरात ट्रिमची बेरीज आयडलिंगला ५ टक्क्यांवर आली आणि आम्ही प्रकरण मिटले असे समजून बिल दिले.

एकोणिसाव्या दिवशी दिवा पुन्हा लागला. तोच कोड, जवळपास तीच फ्रीज फ्रेम. गाडी लिफ्टवर घेऊन जोड पाहिला तर नवे पॅकिंग त्याच बाजूने चेपले होते. जो भाग पाच-सात वर्षे सहज टिकतो तो तीन आठवड्यांत गेला, म्हणजे त्याला कोणीतरी मारत होते, आणि हा प्रश्न मी पहिल्याच वेळी विचारायला हवा होता. गळती सापडल्याच्या समाधानात मी गळतीचे कारण शोधले नाही.

उत्तर बाईंच्या फाइलमध्ये होते. ऑगस्टच्या बिलामागे जूनची एक साधी पावती होती, वेल्डिंगची. बाईंच्या गल्लीतल्या उंच स्पीड ब्रेकरवर गाडीचे पोट घासले होते, मागचा पाइप तुटला होता आणि तो वेल्डिंग करून घेतला होता. आम्ही ती पावती पाहिली होती. ती सायलेन्सरच्या मागच्या भागाची असल्यामुळे इंजिनाच्या दिव्याशी तिचा संबंध जोडला नव्हता.

हे इंजिन आडवे बसते. गिअर पडताना आणि क्लच सोडताना ते पुढे-मागे झुलते, आणि सायलेन्सर मात्र खाली बॉडीला रबरांवर टांगलेला असतो. हे झुलणे सोसण्यासाठी त्या जोडाचे पॅकिंग अर्धगोल असते आणि त्याचे दोन बोल्ट स्प्रिंगचे असतात. स्प्रिंग जोड घट्ट दाबून धरते, पण त्याला वाटीत गोटी फिरावी तसा किंचित फिरूही देते. वेल्डिंगसाठी पाइप उतरवताना ते गंजलेले बोल्ट तुटले असावेत, कारण त्यांच्या जागी साधे नट-बोल्ट आवळून बसवलेले होते. जोड ताठ झाला होता. भर म्हणून मधल्या हँगरचा तुटलेला कान परत जोडलाच नव्हता, त्यामुळे पाइपाचे वजनही त्या जोडावर लोंबकळत होते. प्रत्येक गिअरला, प्रत्येक सिग्नलला, इंजिन त्या ताठ जोडाला पिरगाळत होते आणि पॅकिंग एका कडेने चिरडले जात होते. पहिल्या खेपेला आम्ही नवे पॅकिंग त्याच साध्या बोल्टांवर, आणखी जोराने आवळून बसवले होते. म्हणजे दोष वाढवलाच होता.

त्या गाडीचे स्प्रिंग-बोल्ट नाना पेठेत दुसऱ्या दुकानात मिळाले. हँगरचा कान जोडून नवे रबर बसवले, पॅकिंग पुन्हा नवे घातले आणि इंजिनाच्या खालच्या माउंटिंगचे रबर तपासले; ते शाबूत होते. दुसऱ्या खेपेच्या कामाचे पैसे घेण्याचा प्रश्न नव्हता, बाईंनी फक्त सुट्या भागांचे दिले.

या वेळी मी कोड मुद्दाम पुसला नाही. दोष खरोखर गेला असेल तर सलग तीन निर्दोष फेऱ्यांनंतर ईसीयू स्वतःच दिवा बंद करतो, आणि तसे झाले तर ती साक्ष आमच्या कोणत्याही बटणापेक्षा भरवशाची होती. बाईंना तसे समजावून सांगितले, आणि दिवा पिवळा व स्थिर असेपर्यंत गाडी चालवायला हरकत नाही, पण तो उघडझाप करू लागला तर सिलिंडर मिसफायर होत असल्यामुळे लगेच बाजूला थांबा, हेही सांगितले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला की आज गाडी सुरू केल्यावर दिवा लागून नेहमीसारखा विझला.

मार्चमध्ये साताऱ्याला जाऊन आल्यावर, म्हणजे खंबाटकीचा चढ झाल्यावर, गाडी पुन्हा तपासली. आयडलिंगला बेरीज अधिक ४ टक्के, २५०० फेऱ्यांवर अधिक ३ आणि संशयित कोड एकही नाही. प्लग फिकट तपकिरी होते. ॲव्हरेज चौदाच्या वर गेले होते. साबणाच्या पाण्याला एकही बुडबुडा आला नाही.

काढलेले साधे बोल्ट बाईंनी मागून घेतले आणि बिलाच्या खाली माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली : सायलेन्सर पुन्हा उतरवल्यास पुढच्या जोडाला स्प्रिंगचेच बोल्ट बसवावेत. मग ते बिल त्यांनी फाइलमध्ये जूनच्या पावतीच्या शेजारी लावले.